मडगार्ड काढलेली जीप

झरीपासून आत आमचं गाव. मधला सगळा रस्ता काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तो दिसायचा, पावसाळ्यात कुठून जात होता ते आठवावं लागायचं. आबा येलदरीच्या कॅनॉलवर मजूर, माय लोकांच्या रानात खुरपायला. घरात चपला होत्या, पण आषाढ लागला की त्या हातात धरायच्या. पायात चिखलाच्याच चपला तयार व्हायच्या.

आमच्या घराण्यात बारावी पास झालेली मी पहिली. परभणीच्या कॉलेजात नाव घातलं. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून झरीपर्यंत पायी आणि पुढं एसटीनं. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांचे, बंदचे. आमची अख्खी वस्ती मोर्चाला जायची, मीही जायची, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॉलेज बंद असायचं तेव्हा मी नेमकी तिथं पोचलेली असायची आणि सुरू असायचं तेव्हा चिखलात. वर्षाच्या शेवटी हजेरी कमी भरली आणि मला परीक्षेला बसू दिलं नाही.

आबांनी सरळ सांगितलं, "अजून एक साल बघू. पुन्हा हजेरी भरली न्हाई तर घरी बसायचं. मी स्थळं बघायला लागतो."

दादा तेव्हा दुसऱ्याचा ट्रक चालवायचा. आबा कॅनॉलवर नुकतेच कायम झाले होते, बँकही कर्जाला हो म्हणाली होती. दादानं ठरवलं, जीप घ्यायची. गाव ते परभणी सवाऱ्या न्यायच्या, त्यातच बहिणीचं कॉलेज. इथपर्यंत घरात एकमत होतं. जीप कसली घ्यायची यावर मात्र चूल थंड पडायची वेळ आली.

कॅनॉलच्या गुत्तेदाराकडं, म्हणजे ठेकेदाराकडं, कंपनीतूनच सगळं बसवून आलेली जीप होती. चारी चाकं ओढणारी, लोखंडी टपाची, काचेच्या दारांची. आबा तिच्याकडं देवळाकडं बघावं तसे बघायचे, आणि देवळाशी तर आमचा संबंध नव्हता.

"घ्यायची तर तसली. कंपनीत काय येडे बसलेत?"

"आबा, तिला दारं हायत. दारं लावल्यावर माणसं लटकणार कुठं?"

"मग साधी घेऊन तू काय करणार?"

"साधी घेऊ आन् एकेक वस्तू मनाजोगती बसवू. फोर-व्हील बी करून घेऊ."

"म्हंजी म्हैस आणायची आन् शिंगं मागून चिटकवायची."

माय भाकरी थापत म्हणाली, "शिंगं लावा न्हाईतर शेपूट लावा. पोरगी कॉलेजात पोचती का, तेवढं सांगा."

दोघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं, माझी पोचवंल. शेवटी कंपनीच्या जीपला नंबर लावून थांबावं लागतं असं कळलं आणि दादा जिंकला.

साधी जीप आली, ती उन्हाळाभर परभणीच्या गॅरेजात. फौजेच्या मोडीतल्या जीपचा पुढचा आस आणून तिला फोर-व्हील केली. मागं लांब बाकडी टाकली. जाडजूड टायर घातले. चाकांवर रुंद पत्र्याची मडगार्डं बसवली, त्यांवर मोर काढून घेतले, खाली रबराच्या झालरी सोडल्या. दादा घरी आला की आबा विचारायचे, "आज कोणतं शिंग बसलं?"

धंदा बरा लागला. आमच्या घरचं पाणी न पिणारे आमच्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसायला लागले. वर म्हणायचे, "सरका की जरा."

मग आषाढ आला. कॉलेज लागून थोडेच दिवस झाले होते. त्या सकाळी जीपमध्ये पुढं आबा, मागं मी, माय आणि खुरपणीला निघालेल्या बाया. निम्म्या वाटेत जीप थांबली. दादानं फोर-व्हील टाकली. इंजिन गुरगुरलं, पण एकही चाक हललं नाही. पुढं बघितलं, तर गुत्तेदाराची जीपही तशीच रुतून बसलेली. आपण अडकलो याचं दुःख दादाला झालं असेल, पण ते दिसलं नाही.

"आबा, कंपनीची बी बसली वाटतं!"

"गप. तुझी आधी काढ."

बाया उतरल्या आणि खुरप्यांनी चाकं खरवडायला लागल्या. "लय दाट पेरलंय गं," एकीनं म्हटलं. जीप थोडी सरकली आणि परत थांबली. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माती गच्च बसत होती. टायर जितका जाड, तितकी घट्ट. मला तर वर्गात माझा नंबर पुकारलेला आणि कुणी बोललं नाही, असंच दिसायला लागलं. माझ्या तोंडून निघालं, "दादा, बैलगाडीला मडगार्ड असतं का?"

दादाला कळलं, पण पटवून घ्यायचं नव्हतं. "मोर काढलेत त्याच्यावर!"

"मोर घरी नाचव," माय म्हणाली. "पाना काढ."

चारी मडगार्डं तिथंच उतरली. बायांनी ती डोक्यावर धरली, कारण पाऊस होता. जीप निघाली. मोकळ्या चाकांवरून सुटलेला चिखल आता आमच्यावर येत होता. आबांच्या टोपीपासून माझ्या पदरापर्यंत सगळं काळं. गुत्तेदाराची जीप मागं पडली तसा तिचा ड्रायव्हर ओरडला, "ओ, तो पाना द्या की!" दादानं थांबून पाना दिला. कंपनीनं बसवलेली मडगार्डं उतरताना आबांनी पाहिली आणि तोंड फिरवलं.

मी वर्गात शिरले तेव्हा पोरी हसल्या. हसू दे. नंबर पुकारला, मी "हजर" म्हणाले, जरा जोरातच.

मडगार्डं पुन्हा दिवाळीनंतरच बसली. दरवर्षी आषाढात उतरायची. ड्रायव्हरच्या सीटखाली खुरपं अडकवायला दादानं कडी बसवून घेतली. आबा सवाऱ्यांना ती दाखवून सांगायचे, "हे मात्र कंपनी देत न्हाई." जणू यांच्याच डोक्यातून निघालेलं.

त्या वर्षी माझी हजेरी भरली. पुढच्या वर्षांतही भरली. मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली.