चित्रातल्या दिव्यासाठी पंखा बंद करा म्हणाले

काल आईचं तेरावं झालं. आज सरगूरची आत्या म्हणाली, "दिवा घेतलेल्या बाईचं चित्र दाखवते म्हणाली होती वहिनी. राहिलंच. तू दाखव."

गेलो. खरं सांगते, मला काहीच वाटत नव्हतं.

चित्रांच्या गॅलरीत ती दिवेवाली बाई समोर उभी. ज्योतीला हाताचा आडोसा, बोटं उजेडानं लाल. वर पंखा गरगरत होता. मी गार्डला कन्नडमध्ये पटकन म्हणाले, "पंखा बंद करा, दिवा विझेल."

तो हळूच म्हणाला, "अम्मा, अदु चित्र." ते चित्र आहे.

आई गेली त्या जागी दिवा तेवत होता, तोवर आम्ही घरात पंखा लावला नव्हता. काल दिवा उचलला. आत्ता घरी घामाघूम बसलेय, पण बटणाकडे हात जात नाही. रडूही येत नाही.

तुमच्या घरी दिवा उचलल्यावर तो पहिला पंखा कोणी लावला?