तिचे दुखणे, माझे शब्द

मित्रहो, आज सकाळी पिंपळे गुरवहून चाकणला जाणारी बस शोधताना मोबाइलवर 'पि' टाइप केले आणि माझा जुना शोध समोर आला: 'पित्तावर घरगुती उपाय'.

तो गेल्या वर्षीचा. पत्नीच्या छातीत जळजळत होते, जबडाही दुखत होता. "अहो, हे नेहमीचं पित्त वाटत नाही," ती म्हणाली. मी पहिलाच दुवा उघडून दाखवला, "हे बघ, इथे स्पष्ट लिहिलंय." तिने त्यात सांगितलेले जिरेपाणी घेतले. दुपारी ती हृदयविकाराने गेली.

सर्च इंजिनला मी पित्ताचेच विचारले होते, त्याने पित्ताचेच सांगितले. जबड्याचा उल्लेख मी केलाच नव्हता.

घरातील कुणी दुखणे सांगितले, तर शोधताना आपण त्यांचे शब्द लिहिता, की स्वतःचे?