निळ्या तबकडीचं घड्याळ

ताराचंद गजभिये नॅरोगेजच्या छोट्या लाइनवर गार्ड होते. गोंदियाहून बालाघाटकडं जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. वेळ आणि माणूस, दोघांवर नजर ठेवायची हेच त्यांचं काम. दोन हजार तीन साली ते रिटायर झाले. झेंडे रेल्वेला परत गेले, पण नजर ठेवायची सवय काही परत करता आली नाही. दूधवाला आला की ते भांड्यात वाकून पाहत. शेजारचा चुन्नीलाल दोनदा हसून बोलला, तर तिसऱ्यांदा हा काय मागणार याचा विचार करत बसत.

घड्याळांचा नाद मात्र नोकरीतच लागला होता. साधी घड्याळं नाहीत, ऑटोमॅटिक. चावी द्यायची नाही, सेल टाकायचा नाही. आत एक अर्धगोल वजन असतं; मनगट हललं की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरत जाते. हातातून काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत ते बंद पडतं. पहिलं एच.एम.टी. त्यांनी स्वतःच्या सायकलच्या बदल्यात घेतलं आणि पुढं वर्षभर पायी ड्युटीला गेले. मग एक सिटिझन, दोन सेको, एका रिटायर टीसीनं दिलेलं काचेला तडा गेलेलं फेवर ल्युबा. अशी तेरा झाली. शिवाय दोन जुने कॅमेरे होते, उजेड मोजून आपला आपण फोटो काढणारे. जुन्या मोटारगाड्यांचंही वेड होतं, पण ते बघण्यापुरतं. एका राइस मिलच्या शेडमध्ये बंद पडलेली स्टँडर्ड हेराल्ड उभी होती, तिच्यावरची कोंड्याची धूळ पुसायला ते महिन्यातून एकदा जात. मिलचा मालक हसायचा. ताराचंदना वाटायचं, हा हसून राहिला म्हणजे गाडी भंगारात द्यायचा याचा विचार पक्का झाला.

तेरांतलं सगळ्यात लाडकं होतं निळ्या तबकडीचं रिको. उन्हात धरलं की तबकडीचा निळा रंग कडेला काळा होत जायचा. ते घड्याळ ते कोणाच्या हातात देत नसत. सागवानी पेटीत, पेटी लोखंडी कपाटात, आणि कपाटाची चावी त्यांच्या करगोट्याला.

दोन हजार सहाच्या जुलैमध्ये एका रविवारी संध्याकाळी त्यांनी पेटी उघडली आणि ते जागच्या जागी थबकले. रिको चालत होतं.

नऊ दिवस त्यांनी ते हातात घातलं नव्हतं. ते बंद असायला हवं होतं. पण सेकंदाचा काटा मजेत फिरत होता, वेळ मिनिटाला बरोबर होती आणि तारखेच्या खिडकीत तारीखही आजचीच. म्हणजे कोणीतरी ते घातलं होतं, लावलं होतं आणि गुपचूप परत ठेवलं होतं.

कोण? घरात ते आणि बायको रुक्माबाई, दोघंच. एकुलती मुलगी रीना तिरोड्याला दिलेली. ती आणि जावई प्रफुल्ल दर रविवारी यायचे, दिवसभर राहून संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत जायचे. प्रफुल्लचं तिरोड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. बारीक अंगाचा, कमी बोलणारा पोरगा. मागच्याच महिन्यात तो म्हणाला होता, "मामाजी, जुन्या घड्याळाईले आता लय मागनी हाये. लोक कंप्युटरवर फोटो पाहून घेऊन राहिले."

तेव्हा ताराचंदनी ते कानाआड केलं होतं. आता ते वाक्य त्यांना शब्दाशब्दानं आठवलं. चावी करगोट्याला होती खरी, पण बारीक हत्यारं चालवणाऱ्याला कपाटाचं कुलूप काय अवघड?

दुसऱ्या दिवशी ते गोरेलाल चौकातल्या नंदलाल घडीसाजाकडं गेले. नंदलालनं डोळ्याला भिंग लावून घड्याळ उलटंपालटं केलं.

"मशीन तो वही लगती है, गार्ड साब," तो म्हणाला, "पर ढक्कन पे ये खरोंच ताज़ा है. और पट्टा देखो."

ताराचंदनी पट्टा उलटवून पाहिला. चामड्याला आतल्या बाजूनं एक नवं भोक पाडलं होतं. बारीक मनगटाच्या माणसानं. प्रफुल्लचं मनगट त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"आजकल असली पुर्ज़ा निकालके नकली डाल देते हैं," नंदलाल सहज बोलून गेला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. ताराचंदसाठी तेवढं पुरे होतं. आज पट्टा, उद्या ढक्कन, परवा आतलं मशीन. घड्याळ दिसायला तेच, आतून दुसरंच.

त्यांनी सापळा लावला. रविवारी रात्री, लेक-जावई गेल्यावर, रिकोचे काटे मुद्दाम चुकीच्या वेळेवर फिरवले, पेटीच्या झाकणावर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरला आणि आठवडाभर पेटीला हात लावला नाही. मनगटावर एकच एच.एम.टी. ठेवलं. पुढच्या रविवारी लेक-जावई आले, जेवले. प्रफुल्ल दुपारी आतल्या खोलीत आडवा झाला, कपाट होतं त्याच खोलीत. ते गेल्याबरोबर ताराचंदनी कपाट उघडलं. पावडर साफ पुसलेली. रिको चालू. वेळ बरोबर.

आता शंकेला जागाच उरली नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. रुक्माबाईला सांगितलं नाही. जावयाचं नाव काढलं की ती रडेल, नाहीतर रीनाला आधीच सावध करेल. त्या दिवसांत तिचाही पाय घरात ठरत नव्हता. वर्षावास सुरू होता, विहारात रोज दुपारी ग्रंथवाचन असतं म्हणून ती दहा वाजता निघायची ती दोनला यायची. दहा ते बारा ताराचंद नंदलालच्या दुकानात असत, मग घरी येऊन झाकलेलं ताट जेवून झोपत. त्यांना तिची उणीव फारशी भासली नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते लेक-जावयाला सोडायला स्टेशनवर गेले. गाडीला वीस मिनिटं होती. फलाटावर गर्दी होती आणि दोघं-तिघं जुने रेल्वेवाले ओळखीचेही होते. ताराचंद एकाएकी म्हणाले, "प्रफुल्लराव, बॅग उघडा."

"काऊन जी, मामाजी?"

"उघडा म्हनतो ना. माह्या रिकोतलं काय काय काढून नेऊन राहिले ते पाहू द्या."

रीना मधे पडली. "बाबा! कायले असं बोलून राहिले? लोक पाहून राहिले ना!"

प्रफुल्लनं तिला थांबवलं. त्यानं बॅग फलाटावर ठेवली, खाली बसला आणि एकेक वस्तू बाहेर काढली. टॉवेल, शर्ट, रुक्माबाईनं दिलेला लाखोळीच्या डाळीचा पुडा, रीनाची साडी, मोबाइलची दोन जुनी कव्हरं. ताराचंदनी खाली वाकून बॅगेच्या कप्प्यात हात घातला. काही नव्हतं. ओळखीचा एक गेटमन तोंड फिरवून उभा राहिला.

"झालं पाहून?" प्रफुल्ल म्हणाला. मग त्यानं सगळं परत भरलं आणि रीनाचा हात धरून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेला. गाडी आली तेव्हा दोघांपैकी कोणीही मागं वळून पाहिलं नाही.

घरी येताना ताराचंद मनाशी म्हणत होते, बॅगेत नाही म्हणजे आधीच विकलं असेल.

पुढचा रविवार कोरडा गेला, त्यापुढचाही. रुक्माबाईनं विचारलं, "रीना काऊन नाही येऊन राहिली?" ते म्हणाले, "दुकानात काम असन." शेजारच्या घरी रीनाचा फोन यायचा तोही आला नाही.

मग एका गुरुवारी सहज म्हणून त्यांनी पेटी उघडली. रिको तिच्या जागेवर होतं आणि चालत होतं. त्यांनी ते कानाला लावलं, चांगलं मिनिटभर. पंधरा दिवसांत प्रफुल्लनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच उमगलं की आपण पेटी फक्त रविवारी उघडत होतो. जावई रविवारी येतो म्हणून रविवारी, बाकीच्या दिवशी कधी पाहिलंच नाही.

आता संशयाला दुसरी दिशा मिळाली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. कपाटाची दुसरी चावी लग्नापासून रुक्माबाईच्या डब्यात होती.

शुक्रवारी ते नंदलालकडं जातो म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यामागं उभे राहिले. खांद्याला जपानी कॅमेरा होता. काही दिसलं तर पुरावा हवा. दहा वाजता रुक्माबाई निघाली. विहाराच्या गल्लीशी पोचली आणि सरळ पुढं गेली. ताराचंद अंतर ठेवून तिच्या मागं चालू लागले. आपण एकतीस वर्षं ड्युटीवर असताना ही दिवसभर कुठं जायची, हेही त्यांनी त्या दहा मिनिटांत स्वतःला विचारून पाहिलं. ती रेल्वे लाइन ओलांडून एका प्राथमिक शाळेच्या फाटकातून आत गेली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिसेनाशी झाली.

ते शेडच्या खिडकीशी गेले. आत धूर होता. मोठ्या, हंड्याएवढ्या गंजात खिचडी शिजत होती आणि त्यांची बायको पदर खोचून दोन हातांनी लांब दांड्याचा सराटा फिरवत होती. मनगटावर निळं रिको. मधेच ती थांबायची, मनगट उजेडाकडं वळवून वेळ पाहायची आणि दुसऱ्या बाईला सांगायची, "अजून बारा मिन्टं. मंग झाकन लाव."

ताराचंदनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. बटण खाली जाईना, आत लाल पट्टी वर आली. उजेड कमी असला की तो कॅमेरा फोटोच काढायचा नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"कोन हाय रे तिकडं?" प्रेमिलाबाईचा आवाज आला. शाळेची खिचडी एका बचत गटाकडं होती, त्याची ती अध्यक्ष. "बायाईचे फोटो काढून राहिला! पकडा त्याले!"

तीन बायका झाऱ्या-उलथण्यांसकट बाहेर आल्या. एकीनं त्यांची कॉलर धरली. आयुष्यभर दुसऱ्यांवर नजर ठेवणारा माणूस कॅमेरा पोटाशी धरून उभा राहिला. तेवढ्यात रुक्माबाई दारात आली.

"सोडा बाई त्यायले," ती म्हणाली. "माहे मालक होत."

बायका आत गेल्या. दोघं शाळेच्या भिंतीशी उभी राहिली.

"विहारात जातो म्हनून मले सांगतलं," ताराचंद म्हणाले.

"खरं सांगतलं असतं तं येऊ दिलं असतं? गार्डाची बायको लोकाईच्या पोराईले रांधते, म्हनले असते. कोनासोबत जाते, कोन येते, रोज विचारलं असतं." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "साडेबाराले दीडशे लेकरं ताट घेऊन बसतात. घड्याळ लागते. तुमचे तेरा पडून होते."

"पट्ट्याले भोक?"

"दाभणानं पाडलं. ढिलं होऊन राहिलं होतं. एकदा शेगडीवर घासलंही, मागून."

"आनि पेटीवरची पावडर?"

"पावडर होती का ते? मले वाटलं धूळ बसली. पुसली."

ताराचंदनी तिचं मनगट धरून पट्ट्यावरचं भोक पाहिलं. ती म्हणाली, "तुमच्या हातात हे घड्याळ बंद पडते ना आताशा? मी पाह्यलं. बसून राहता, हात हलत नाही. माह्या हातात एक दिवस बंद पडलं नाही."

ते खरं होतं. रिटायर झाल्यापासून घड्याळं मागं पडू लागली होती आणि त्याचाही संशय त्यांनी नंदलालच्या तेलावर घेतला होता.

मग त्यांनी तिला स्टेशनवरची गोष्ट सांगितली. बॅगेत हात घातला तेही सांगितलं. रुक्माबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. "माह्यासाठी त्या पोराले चोर केलं तुमी," एवढं म्हणाली, मनगट पाहिलं आणि गंजाकडं परत गेली.

दुसऱ्या दिवशी ताराचंद एकटेच तिरोड्याला गेले. दुकानात प्रफुल्ल एका मोबाइलचं पोट उघडून बसला होता. त्यानं स्टूल पुढं केलं, चहा मागवला. ताराचंदनी दोन सेकोंपैकी चांगलं होतं ते खिशातून काढून काउंटरवर ठेवलं.

"चूक झाली, प्रफुल्लराव. हे ठेवा."

प्रफुल्लनं घड्याळाला हात लावला नाही. "हे मी घेतलं, आनि उद्या तुमच्या पेटीत एक कमी दिसलं, तं?" तो शांतपणे म्हणाला. "तुमी माह्या बॅगेत हात घातला, मामाजी. त्या गाडीनं मी दर हप्त्याले जात होतो. फलाटावरचे लोक मले वळखतात."

"त्याच लोकाईसमोर मी सांगतो."

"तुमचं तुमी पाहा."

ताराचंदनी खरंच सांगितलं. पुढच्या रविवारी ते फलाटावर गेले, त्या गेटमनला गाठलं, त्या दिवशीच्या दोघा रेल्वेवाल्यांना शोधून काढलं आणि माझा जावई चोर नाही, मीच खोटा ठरलो, असं ज्याला त्याला सांगत सुटले. ऐकणाऱ्यांना ते अवघड झालं. एकजण म्हणाला, "जाऊ द्या ना, गार्डबाबू." त्यांनी जाऊ दिलं नाही.

प्रफुल्ल यायला चौदा महिने लागले. रीनाला मुलगी झाली, तिच्या नावठेवणीनंतर तो दोघींना घेऊन आला, जेवला आणि संध्याकाळी निघून गेला. त्यानंतर तो सणावारी येऊ लागला. पण मुक्कामाला कधी राहिला नाही आणि आतल्या खोलीत कधी आडवा झाला नाही. ऊन असो, पाऊस असो, पडवीतच खुर्ची टाकून बसायचा. ताराचंद त्याच्यासमोर बसायचे, नातीला मांडीवर घेऊन. बोलणं बेताचंच व्हायचं.

स्वभाव मात्र पुरता गेला नाही. रुक्माबाईनं त्यावर एक अट घातली: कोणाचाही संशय आला तर आधी मला सांगायचं, मग दुनियेला. दोन हजार अकरा साली राइस मिलच्या शेडमधली हेराल्ड एक दिवस दिसेनाशी झाली, तेव्हा ताराचंद तावातावानं घरी आले.

"मालकानं भंगारात घातली ती गाडी. मले आधीपासून वाटून राहिलं होतं. जाऊन विचारतोच."

"विचारा," रुक्माबाई म्हणाली. "भंगारात घातली काय म्हनून नोका विचारू. गाडी कुठं गेली, एवढंच विचारा."

ते गेले आणि तेवढंच विचारलं. मालकाच्या मुलानं ती दुरुस्तीसाठी रायपूरला पाठवली होती.