अकराची नोंद

चहा ते उभ्याने घेत नसत. कपात ओतताना बोलत नसत. चपला काढल्या की त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवत. कुलूप लावल्यावर ओढून बघत नसत. लावतानाच नीट बघत. वर्तमानपत्र वाचून झालं की पुन्हा नव्यासारखी घडी घालत. आणि बॉयलरच्या खोलीत शिरण्याआधी दारावर तळहात टेकवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.

लाँड्रीत सगळे त्यांना सावकाशराव म्हणत. दवाखान्यांच्या चादरी धुणारी लाँड्री ती. इस्त्रीच्या हॉलमध्ये चाळीस माणसं, आणि मधली एक भिंत सोडली की बॉयलर. इस्त्री विभाग सांभाळणाऱ्या ताई म्हणत, “सावकाशरावांना शिंक यायची असेल तर ती आधी अर्ज करते.” ते हसत. पण चालीत फरक पडत नसे.

त्याला कारण होतं. बॉयलरच्या तोंडाशी काचेची एक उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. गोम एवढीच, की काठोकाठ भरलेली नळी आणि पार रिकामी नळी अगदी सारखी दिसते. म्हणून दर तासाला खालची तोटी उघडायची, पाणी सोडायचं, ते परत चढताना बघायचं, आणि मगच वहीत लिहायचं. पाणी संपलं आणि आग चालू राहिली, तर मधली भिंत राहत नाही.

एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

त्या वर्षी घर पांगलं. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बायको दिवसभर आजारी बहिणीपाशी असे. भांडणतंटा काही नव्हता. फक्त जेवताना समोर कोणी नसे. एकदा त्यांनी कप उचलला तर तो रिकामा. चहा प्यायल्याचं आठवेना. जिभेवर चव होती.

मग साबण.

“चौथा,” बायको म्हणाली. “माणसं दोन आणि साबण चार. घासून घासून नाहीसं व्हायचंय का?”

“स्वस्त मिळाला.”

“काल त्याच दुकानातून आणलात. काल महाग होता?”

ते हसले. तीही हसली. पण नंतर तिने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

त्यांनी स्वतःवर पहारा बसवला. काम करताना मोठ्याने बोलायला लागले. तोटी उघडली. पाणी गेलं. पाणी आलं. पलीकडून ताईंनी विचारलं, “कुणाशी गप्पा? बॉयलरला कंटाळा आलाय का?”

एका सोमवारी साडेदहाला त्यांनी वही उघडली. अकराच्या ओळीत आकडे होते. प्रेशर, तापमान, आणि पुढे ‘पाणी ठीक’. अक्षर त्यांचंच. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं. साडेदहाच. ते स्टुलावर बसून राहिले. अकरा वाजता उठून सगळं तपासलं. आकडे तंतोतंत तेच निघाले.

चुकले असते तर बरं झालं असतं.

कुणाला सांगितलं नाही. एकतीस वर्षांत ज्याने एक नोंद चुकवली नाही, त्याने काय म्हणून सांगायचं? दोन महिने तर काढायचे होते.

गुरुवारी अकरा वाजता ते नळीसमोर उभे होते. तोटी उघडली. पाणी गेलं. पाणी आलं. वहीत लिहिलं, पाणी ठीक. पेन खिशाला लावताना तळहात शर्टाला लागला. गार होता.

तोटी फिरवली की हात पोळल्यासारखा होतो. रोज होतो. म्हणजे हात तोटीला लागलाच नव्हता. नुसतं तोंड बोललं होतं.

त्यांनी तोटी उघडली. पाणी आलं नाही. नुसती वाफ फुसफुसली.

हात पंपाकडे गेला आणि वाटेतच थांबला. तापलेल्या लोखंडावर गार पाणी सोडणं म्हणजे काडी लावणंच. त्यांनी बर्नर बंद केला आणि हॉलमध्ये गेले.

“सगळे बाहेर चला.”

“चादरी भाजतायत का?” एकजण म्हणाला.

“बाहेर. पटकन.”

पटकन हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकला नव्हता. ताईंनी हातातली इस्त्री उभी केली आणि सगळ्यांना दाराकडे ढकललं.

काही झालं नाही. बॉयलर दुपारपर्यंत निवत राहिला. मेकॅनिकला पंपाची जाळी गाळाने बंद झालेली सापडली. पाणी उतरलं की ओरडणारा भोंगाही मुका होता. उगाच बोंबलतो म्हणून कुणीतरी त्याच्या दोन्ही तारा काढून ठेवल्या होत्या. जाळी साफ झाली. बॉयलर तपासून मेकॅनिकने सकाळी चालू करायला हरकत नाही असं सांगितलं. भोंग्याचं तुम्हीच बघा म्हणाला आणि गेला.

मॅनेजर हात पुढे करून आले. “तुम्ही होतात म्हणून वाचलो. अजून दोन वर्षं थांबा. वर मी बोलतो.”

“साहेब, अकराची नोंद मी न बघता केली.”

“अहो, बघितलंत म्हणून तर कळलं.”

“नंतर बघितलं.”

“दमलात तुम्ही. उद्या सुट्टी घ्या. बदलीवाला येईल.” आणि ते फोनवर बोलत बाहेर गेले.

सावकाशराव स्टुलावर चढले. भोंग्याचं झाकण काढलं, त्याचे दोन स्क्रू खिशात टाकले. पहिली तार बसवली. स्क्रू घट्ट पिळला.

“सावकाशराव, उतरा,” ताई दारातून म्हणाल्या. “साहेबांना फोटो काढायचाय. केस विंचरा जरा, मेलेल्या माणसासारखे दिसताय.”

फोटो काढला. मग त्यांनी ताईंना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं: साबण, सोमवार, गार तळहात. ताईंनी विनोद केला नाही. सावकाशरावांनी बॉयलरच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

“मी मागितली तरी देऊ नका.”

“नाही देणार.”

सहाला ते घरी निघाले. कितीतरी दिवसांनी डोकं स्वच्छ होतं. चढावरचं प्रत्येक पाऊल त्यांना जाणवत होतं. सायकलींच्या घंटा, बेकरीचा वास, स्वतःचा श्वास. काही म्हणता काही सुटत नव्हतं. सगळीकडे लक्ष होतं.

बदलीवाला सकाळी सातला बर्नर लावणार होता. बॉयलरच्या खोलीत स्क्रूड्रायव्हर स्टुलावर पडला होता. भोंगा उघडा होता. दुसरी तार खाली लोंबत होती.