ओटीपी कुणालाच सांगायचा नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आई हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला एकटी राहते. फोनवर आलेला ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, असं मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. पुढं तिच्या पेन्शनच्या कामासाठी हिंगोलीहून मीच फोन करून तो मागितला.

"तूच म्हणला व्हतास ना, कुणालाच सांगू नको?"

"मी काय परका हाय का? सांग लवकर," मी खेकसलो. तिनं घाबरत एकेक आकडा सांगितला.

दिवाळीनंतर कुणीतरी तिचं खातं रिकामं केलं. मी गावी जाऊन विचारलं, "अनोळखी माणसाला काहून सांगितलंस?"

शेळीला पाला टाकत ती म्हणाली, "पयले न्हाईच म्हणले. मग तो तुझ्यासारखाच खेकसला."