तिसऱ्या वेळची कचोरी

माझं इंग्रजी बँकेत घडलं, म्हणजे पत्रांत घडलं. सगळी नोकरीभर मी इंग्रजीतून लोकांना फक्त नाकारत आलो. आपल्या अर्जाचा सहानुभूतीने विचार करण्यात आला, तथापि. त्या 'तथापि'वर माझी हुकमत होती. कुणाला पाणी हवं का, असं इंग्रजीत विचारायची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती. बदली होऊन जयपूरला आलो, इथेच निवृत्त झालो, आणि मालवीय नगरातल्या आमच्या समोरच्या घरातल्या भाभीजी एक दिवस "भाईसाहब, मुझे अंग्रेजी सिखा दीजिए" म्हणाल्या, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणालो. विचार केला असता तर पंचाईत झाली असती.

भाभीजींची गरज खरी होती. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेल्यापासून त्यांची वरची खोली रिकामी पडली होती. भाभीजींनी ती रंगवून घेतली, सांगानेरी छापाच्या चादरी घातल्या, आणि परदेशी पाहुण्यांना राहायला द्यायची म्हणून मुलाकडून इंटरनेटवर चढवून घेतली. त्यांच्या यजमानांना हे काही पटलं नव्हतं. आमच्या गल्लीत कोचिंग क्लासच्या मुलांना खोल्या भाड्याने देणं हा लोकांचा वंशपरंपरागत धंदा असल्यासारखा आहे. त्यांनी अट घातली. पहिले पाहुणे तुम्ही एकटीने सांभाळायचे, मुलाला फोन नाही, मला हाक नाही. जमलं तर खोली तुमची. नाही जमलं तर कोचिंगवाल्याची.

"भाईसाहब," भाभीजी मला म्हणाल्या, "इस घर में सब मुझसे बस यही पूछते हैं कि मोजे कहाँ हैं. कोई और भी कुछ पूछे."

एवढं ऐकल्यावर मी पेटलो. दुसऱ्याच दिवशी पांढरा फळा आणून आमच्या बैठकीत टांगला आणि भूतकाळापासून सुरुवात केली. भूतकाळाचे जेवढे म्हणून प्रकार इंग्रजांनी पाडले आहेत, तेवढे बाण काढून दाखवले. भाभीजी उघड्या डोळ्यांनी झोपायच्या, ही त्यांची सभ्यता. सोबत म्हणून बसलेली आमची ही मटार सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या पाहुण्यांना चहा विचारणार आहेत. कर्ज नाही देणार."

"मग कसं शिकवू?"

"तुम्हीच व्हा पाहुणे. नाहीतरी या घरात वेगळे काय असता?"

टोमणा होता, पण मी तो शिक्षणशास्त्र म्हणून स्वीकारला. आमच्या मुलाची जुनी हॅट, गोव्याला एकदाच घातलेली फुलाफुलांची अर्धी चड्डी, सँडलमध्ये मोजे आणि गॉगल. हातात चाकांची बॅग. बॅग रिकामी कशाला न्यायची म्हणून हिने तीत भाभीजींचे परत करायचे स्टीलचे डबे भरले, आणि डबे रिकामे कसे द्यायचे म्हणून त्यांत चकल्या. असा मी खडखडाट करत गल्ली ओलांडत होतो, तेवढ्यात एक ई-रिक्षा शेजारी येऊन थांबली.

"आमेर फोर्ट, सर?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी भूमिका न सोडता, नाकात बोलत, इंग्रजीत भाव विचारला. त्याने मला नीट न्याहाळलं. म्हणाला, "अंकलजी, कल तो आप मुझसे हिंदी में लड़े थे."

पण पद्धत लागू पडली. दारात भाभीजी म्हणायच्या, वेलकम, हाऊ वॉज युवर जर्नी. जर्नी बारा पावलांची होती, तरी मी ती फार थकवणारी झाली असं सांगायचो. टॉवेल हातात देताना टॉवेल, गीझरचं बटण दाखवताना हॉट वॉटर, सगळं जागच्या जागी. जिन्याच्या वळणावर वरचा स्लॅब खाली उतरलाय. तिथे त्यांनी 'माइंड युवर हेड' म्हणायचं होतं. पहिल्या दिवशी त्या म्हणायला विसरल्या आणि मी भूमिकेत गुंग होतो. कपाळाला टेंगूळ आलं. त्यानंतर ते वाक्य त्या कधीच विसरल्या नाहीत. चांगल्या शिक्षकाने थोडी झीज सोसावी लागते.

आणि मग आला नाश्ता. इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे, आणि थोडी कांद्याची कचोरीही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी काही पुढे आलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'खरंच नको', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धी द्या' असं म्हणून दोन खायच्या. हे आईने चिमटे काढून शिकवलेलं, ते काही निवृत्तीनंतर जात नाही. उलट जयपूरच्या माणसाच्या रक्तात मनुहार. पाहुणा नको म्हणतो म्हणजे त्याला अजून आग्रह हवा आहे, अशी इथली पक्की समजूत. असे दोघे एका टेबलावर आल्यावर काय होणार? भाभीजी कचोरी पुढे करायच्या, मी तिच्यावरची नजर न हलवता म्हणायचो, "नो, थँक यू." त्या हसून पुन्हा पुढे करायच्या. मी म्हणायचो, "नो, रिअली." मग ती थाळीत पडायची. तिसऱ्यांदा मी "आय अॅम फुल" म्हणायचो, तेव्हा जिलबी यायची. आम्हा दोघांनाही वाटायचं, इंग्रजी किती सुंदर चाललंय. संध्याकाळी ही विचारायची, "भाषा वाढतेय की शुगर?"

पहिले पाहुणे पोलंडचे निघाले, साठीचं जोडपं. त्यांचंही इंग्रजी शाळेत शिकलेलं, एकेक शब्द चाचपून टाकणारं. आम्हा नवरा-बायकोला शेजारी म्हणून नाश्त्याला बोलावलं होतं. मी तोंड उघडायचं नाही, ही यजमानांची जादा अट. ते स्वतः वर्तमानपत्र उभं धरून बसले होते, पंचासारखे.

सुरुवात अशी झाली की माझ्या छातीत मावेना. वेलकम झालं, जर्नी झाली, जिन्याच्या वळणावर 'माइंड युवर हेड' अगदी वेळेवर आलं आणि त्या उंच गृहस्थांचं डोकं वाचलं. वर्तमानपत्र जरासं खाली आलं. मग पाहुणे टेबलाशी बसले, आणि पहिली कचोरी खाल्ल्यावर त्या बाई म्हणाल्या, "नो, थँक यू."

भाभीजींनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळखीचा आनंद. धडा आठवला. त्या हसल्या, आणि पुन्हा कचोरी पुढे केली.

"नो, रिअली," बाई म्हणाल्या.

कचोरी थाळीत पडली.

आता त्या बाईंनी ती तशीच ठेवली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्यांनी ती खाल्ली. थाळी रिकामी दिसताच भाभीजींनी तिसरी वाढली. नवऱ्याच्या थाळीत तर मिरचीवडा पण आला. दोघं एकमेकांकडे बघत होते, जणू विमान चुकीच्या देशात उतरलंय. मी हळूच दोन्ही हात आडवे हलवून भाभीजींना थांबायची खूण केली. त्यांना वाटलं, मला वाढलं नाही म्हणून मी रुसलो. माझ्या थाळीत दोन कचोऱ्या आल्या. ही मराठीत पुटपुटली, "खा आता, शिक्षक."

बाई शेवटच्या अस्त्रावर आल्या. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "आय अॅम फुल."

भाभीजी जिलबी आणायला पळाल्या.

जिलबी टेबलावर येईपर्यंत बाई उठल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता. एक्स्क्यूज मी म्हणत त्या जिना चढून गेल्या, मागोमाग नवरा, आणि या वेळी माइंड युवर हेड कुणीच म्हणालं नाही. वरून ठक् असा आवाज आला.

यजमानांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "कोचिंगवालों को फोन कर दूँ?"

भाभीजी जिलबीचं ताट धरून तशाच उभ्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "भाईसाहब, उन्होंने तो आपके जैसा ही बोला था ना?"

"बोला था," मी म्हणालो. "पण त्यांचा नो पहिल्याच वेळी खरा असतो."

"मतलब पहली बार में ही ना?"

"हो."

"तो आप इतने दिन…"

"मी इंग्रजीत बोलत होतो, भाभीजी. भूक साताऱ्याची होती."

हिने कपाळाला हात लावला. यजमान फोन शोधायला लागले. भाभीजींनी ताट खाली ठेवलं, स्वयंपाकघरातून ओवा घेतला, कोमट पाण्याचा तांब्या घेतला आणि एकट्या वर निघाल्या. मी मागे जायला उठलो तर हातानेच मला खाली बसवलं. वळणावर थांबून त्यांनी स्वतःलाच हळू आवाजात सांगितलं, माइंड युवर हेड.

खाली आम्ही तिघं जिन्याकडे कान लावून बसलो. वरून आधी भाभीजींचा आवाज आला. फळ्यावर कधीच न लिहिलेली वाक्यं होती ती. "सॉरी, मॅडम. माय टीचर, व्हेरी हंग्री मॅन." मग बाईंचा तुटक आवाज, त्यात आई, थाळी, टाकायचं नाही, असं काहीतरी. मग भाभीजी, "युवर मदर आल्सो नॉट लिसनिंग?" आणि मग दोघींचं हसणं, ज्यात मागून त्या उंच गृहस्थांचंही खालच्या पट्टीतलं हसणं मिसळलं. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि थोडा रागही आला. इतक्या दिवसांत त्या माझ्याशी एवढं इंग्रजी कधी बोलल्या नव्हत्या.

तिघं खाली आले ते गप्पा मारतच. त्यांच्याकडे ताटात टाकणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान, हे भाभीजींनी आम्हाला हिंदीत सांगितलं, आणि बाईंना इंग्रजीत सांगितलं की हे आम्हाला सांगितलंय. यजमानांना काय करावं सुचेना. त्यांनी यजमानपणाला स्मरून किटली उचलली आणि गृहस्थांच्या कपापाशी नेली.

"नो, थँक यू," गृहस्थ म्हणाले.

किटली सवयीने वाकलीच होती.

"ही सेड नो," भाभीजी म्हणाल्या. नवऱ्याला. इंग्रजीत.

किटली हवेत थांबली. यजमानांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "फिर इसका क्या करूँ?"

"आप पी लीजिए."

त्यांनी मुकाट्याने स्वतःचा कप भरला. तेवढ्यात फोन वाजला. कोचिंगवालाच होता. "नहीं भाई, कमरा खाली नहीं है," यजमान म्हणाले, आणि थोडं थांबून, "वैसे भी मैडम से पूछना पड़ेगा."

वर्ग अजून चालू आहे. पुढचे पाहुणे येणार, म्हणून परवा मी पुन्हा हॅट-गॉगल चढवून गेलो, ही मागोमाग. जर्नी फार थकवणारी झाली होती. टेबलावर कचोऱ्या आल्या, गरम, वरून फुगलेल्या. भाभीजींनी थाळी पुढे केली. मी सवयीप्रमाणे तिच्यावर नजर ठेवून म्हणालो, "नो, थँक यू."

"ओके, सर," भाभीजी म्हणाल्या, आणि थाळी आत घेऊन गेल्या.

मी दुसऱ्या वेळेची वाट बघत बसलो. बराच वेळ बसलो. आतून ही आणि भाभीजी काहीतरी कुरकुरीत खात असल्याचा आवाज येत होता.