कपाटातली मूळ प्रत

खरं तर हे मी सांगायचं नाही. ऑफिसातलं ऑफिसातच ठेवायचं, असं आईने बजावलंय. म्हणून नावं बदलली आहेत. पण दर शनिवारी एक याप्रमाणे इतके किस्से साठलेत, की आता पोटात राहत नाहीत. आणि बहुतेकांत चूक माझीच!

आई इथे परदेशात, कोक्विटलाममध्ये वकील आहे. लोकांची मृत्युपत्रं करते आणि सही झालेली मूळ प्रत आपल्या फायरप्रूफ कपाटात सांभाळते. मी शनिवारी फोन घेते, स्कॅनिंग करते.

*

पहिल्याच शनिवारी फोन आला. "जोशी बोलतोय. विल तुमच्याकडेच आहे ना?"

"हो काका, कपाटात आहे," मी म्हणाले.

ते काका नव्हते, त्यांचा मुलगा होता! विल केलंय, हेसुद्धा कुणाला सांगायचं नसतं. आईने काकांना बोलावून माफी मागितली. मी मान खाली घालून उभी.

काका म्हणाले, "असू दे गं. आता मुलगा रोज फोन करतो. आधी फादर्स डेलासुद्धा करत नव्हता!"

*

देसाईकाका आले. "वीकेंडला विल घरी नेऊ का? मुलं जेवायला येणार आहेत. उघडणार नाही, नुसतं टेबलावर ठेवतो."

मी रजिस्टर उघडून विचारलं, "परत कधी आणाल?"

आई आतून ओरडली, "लायब्ररी आहे का ही!"

*

बर्नाबीच्या कुलकर्णीकाकूंनी विल पोह्यांच्या डब्यात ठेवलं होतं. "सून पोहे करत नाही, म्हणून सेफ!" आमच्याकडे आणलं तेव्हा सहीवर हळदीचा डाग. मला हसू आवरेना.

"हस बाई," काकू म्हणाल्या. "तुझ्या आईचं विल कुठेय?"

मी आईकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. "करायचंय," ती म्हणाली.

*

हा आजचा.

साने आजोबांचं विल मी हिवाळ्यात स्कॅन केलं. पानं सरळ जावीत म्हणून पिन काढली आणि नंतर नवी मारली. मूळ विलची पिन काढायची नसते, हे मला मागाहून कळलं. जास्तीची भोकं दिसली की मधलं पान बदललं असा संशय येतो. कळल्यावरही मी गप्प बसले.

गेल्या महिन्यात आजोबा गेले. आज सकाळी आईने पाकीट उघडलं, पान उजेडात धरलं.

"सई, पिन तू काढलीस?"

"नो."

तिने पुन्हा विचारलंही नाही. "मग माझ्याच हातून झालं असणार. वय झालं माझं!" आणि कोर्टासाठी शपथपत्र टाइप करायला बसली, की पिन तिनेच काढली. चार वाजता ती शेजारच्या वकिलांसमोर शपथेवर सही करणार आहे.

मी बाहेर बसून हे लिहितेय. पावणेचार झालेत. प्रिंटर सुरू झाला.

"सई, आत ये गं जरा. सही करायच्या आधी एकदा वाचून बघ, काही चुकलंय का."

आले, आई. तो कागद हातात घ्यायच्या आधीच मी तिला सांगणार आहे, पिन मी काढली.